यजमान, यात्रेकरू आणि रहिवासी

काशीत मणिकर्णिकेच्या उत्तरेला लागून शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी तो १८३० च्या सुमारास बांधवला. बांधकाम इतके अवजड झाले की घाट खचला आणि पुढे त्याची पुन्हा उभारणी करावी लागली. तिथेच रत्नेश्वर महादेवाचे कललेले देऊळ आहे, वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. राजा मानसिंहाच्या एका सेवकाने ते आईसाठी बांधले अशी एक कथा सांगतात, तर अहिल्याबाई होळकरांच्या रत्नाबाई नावाच्या दासीने बांधले अशी दुसरी. देऊळ एकच, पण त्यावर हक्क राजपुतान्याचाही आणि माळव्यातल्या मराठ्यांचाही. काशीत सारा देश भेटतो आणि तिथे जाऊन आलेल्याचे मन मोठे होते, असे आपण म्हणत आलो. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे पारखून घ्यायला हवे. मराठी माणसांचा काशीतला काही शतकांचा वावर पाहिला तर असे दिसते की, नुसते परक्याच्या दर्शनाने समज वाढत नाही. परक्यावाचून आपले अडू लागते, तेव्हा ती वाढते.

आधी यजमानांचे पाहू. बायजाबाई कागलच्या घाटग्यांची लेक. दौलतराव शिंदे वारल्यावर १८२७ ते १८३३ या काळात ग्वाल्हेरचा कारभार त्यांच्या हाती होता. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडपही त्यांचाच. त्याआधी १७८० मध्ये अहिल्याबाईंनी विश्वनाथाचे देऊळ उभारले होते, नागपूरकर भोसल्यांनी आपला घाट बांधला होता. या दानात भक्ती होती, तसेच राजकारणही होते. इंग्रजांच्या छायेखाली गेलेल्या संस्थानाला गंगेकाठी आपले नाव दगडात कोरणे हा सत्ता दाखवण्याचा उरलेला मार्ग होता. घाटाच्या पायऱ्या मात्र कोणाचा प्रांत विचारत नाहीत, त्यामुळे या खर्चातून सर्वांच्या उपयोगाची जागा तयार झाली, हे मान्यच करायला हवे. पण खजिन्यातून पैसा धाडणाऱ्याची दृष्टी त्याने बदलली का, याची साक्ष दगड देत नाही.

यात्रेकरूची साक्ष मात्र लिखित आहे. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, ते याच बायजाबाई मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार आणि मोठी दक्षिणा मिळणार, हे ऐकून. वाटेत बंड पेटले आणि झाशीच्या वेढ्यात ते अडकले. त्यांचा वृत्तान्त चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापला. त्यात तीर्थांची आणि दक्षिणेची नोंद ठरीव साच्याची आहे. शहर लुटले जाते, अन्नपाण्याची भ्रांत पडते आणि जीव अनोळखी माणसांच्या हाती जातो, तिथे मात्र भटजींच्या लेखणीला वेगळीच धार येते. त्यांचे सोवळे सुटले असे नाही. पण स्नान-दानाच्या ठरलेल्या वाटेने त्यांना जे दिसले नसते, ते संकटाने दाखवले.

यावर कोणी म्हणेल की, काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी लोक तर दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत आपापले वाडे आणि आपापल्या पंक्ती सांभाळून होते. सहवासाने त्यांच्या भिंती उलट पक्क्याच झाल्या. हा आक्षेप खोटा नाही. १६५७ मध्ये विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरली ती कोकणातल्या देवरुखे ब्राह्मणांचा दर्जा ठरवण्यासाठी. घरापासून शेकडो कोस दूर येऊनही वाद गावचाच होता. तरी निकाल देवरुख्यांच्या बाजूने लागला, हेही लक्षात घ्यावे. गावात वेगळ्या पंक्तीत बसणारे लोक काशीत एकमेकांच्या शेजारी राहत होते, एकाच ‘दाक्षिणात्य’ गटात मोजले जात होते. त्यांना एकमेकांना टाळणे महाग पडू लागले होते. वर्तुळ रुंदावले, पण ब्राह्मणांपुरतेच. शेजारच्या मणिकर्णिकेवर चिता पेटवून देणाऱ्या डोमाच्या अग्नीवाचून कोणाचेच चालत नव्हते, तरी त्याला पंक्तीत जागा मिळाली नाही. म्हणजे गरज ही समजुतीची पहिली अट आहे, पुरेशी अट नव्हे. ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत त्याला बरोबरीचा मानण्याची तयारी नसेल, तर गरजेतून केवळ चाकरी निर्माण होते.

या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर काय घडते, याचे उदाहरण बाबूराव विष्णु पराडकर. १८८३ मध्ये काशीतल्या मराठी घरात त्यांचा जन्म झाला. १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्तांनी सुरू केलेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून ते नावारूपाला आले, आणि हिंदी पत्रकारितेची भाषा घडवणाऱ्यांत त्यांची गणना होते. एका माणसावरून नियम काढता येत नाही, शिवाय नागरी लिपीमुळे मराठी माणसाला हिंदी जवळचीच, असे म्हणता येईल. पण लिपी तर गोडसे भटजींनाही येत होती. फरक नात्याचा होता. पराडकरांचा वाचक हिंदी होता, त्याच्या पसंतीवर त्यांचे पत्र चालत होते आणि त्या वाचकाला ते कमी लेखत नव्हते. आज यात्रा कंपनीच्या बसने काशी करून येणाऱ्या मराठी कुटुंबाला भाषा, जेवण, मार्गदर्शक सारे घरचेच मिळते. कोणत्याच काशीकरावाचून त्याचे अडत नाही. अशा प्रवासातून पुण्य लाभत असेल, पण त्याने माणूस बहुश्रुत होतो असे मानण्याला काशीच्याच इतिहासात फारसा आधार नाही.