घाटातलं वळण आणि पडद्यावरचं स्टीअरिंग: नुसता सराव पुरतो का?

आज पुन्हा सावंतवाडीतून. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

सुरुवात आमच्या एका काकांपासून. काकांनी एस.टी.त चालक म्हणून उभी हयात काढली, त्यातली बरीच वर्षं आंबोली घाटात. मी फोनवर रेसिंगचा गेम खेळत होतो आणि एकाच वळणावर पुन्हा पुन्हा भिंतीला जाऊन आपटत होतो. काकांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "गिअर बदलूक सगळ्यांकच येता. वळणार काय करूचा ता आधी ठरवूचा लागता. तू वळणार पोचल्यार इचार करतंस."

मी चाळीस वेळा आपटलो होतो. म्हणजे सराव भरपूर झाला होता, सुधारणा मात्र शून्य. काकांच्या एका वाक्यानंतर चौथ्या प्रयत्नात गाडी वळणातून बाहेर पडली.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. खोट्या गाडीवर, खोट्या रस्त्यावर केलेला सराव खरंच माणसाला शिकवतो का? आणि शिकवत असेल, तर कधी? या प्रश्नाला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो गाडीपासून नाही, विमानापासून सुरू होतो.

ऑर्गनवाल्याचं विमान

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन म्हणजे हवेवर चालणारं वाद्य. आपल्या भजनातल्या पेटीसारखाच त्यालाही भाता असतो. या घरातल्या एडविन लिंकला विमान उडवण्याचं वेड होतं, पण शिकवणीचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. मग त्याने ऑर्गनचेच भाते वापरून एक लुटुपुटूचं विमान बनवलं. जमिनीवरच उभं, पण आत बसून दांडा हलवला की ते डुलायचं, कलायचं, वळायचं. साल १९२९.

लोकांनी काय केलं? जत्रेतल्या पाळण्यासारखं वापरलं! सुरुवातीची काही यंत्रं करमणुकीच्या बागांतच गेली. विमानाच्या शाळांना ते खेळणं वाटलं.

मग १९३४ उजाडलं. अमेरिकी सरकारने खासगी कंपन्यांकडून विमानटपालीचं काम काढून घेतलं आणि फेब्रुवारीत ते लष्कराच्या हवाई दलाकडे दिलं. रात्रीचं उड्डाण, बर्फ, धुकं. बाहेर काही दिसत नसताना फक्त काट्यांकडे बघून विमान चालवायची सवय त्या वैमानिकांना पुरेशी नव्हती. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. त्यानंतर त्याच वर्षी हवाई दलाने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रं बनली आणि लाखो वैमानिक त्यावर शिकले.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. शिकाऊ पोरगा झाकणबंद डब्यात बसायचा, आणि शेजारी एका टेबलावर शिक्षक बसायचा. त्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा आणि त्यावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र फिरायचं. 'विमान' जसं वळेल तशी ते यंत्र नकाशावर शाईची रेघ ओढायचं. सराव संपला की शिक्षक त्या रेघेवर बोट ठेवून सांगू शकायचा, की इथे तू भरकटलास.

म्हणजे आज ज्याला आपण टेलिमेट्री म्हणतो, त्याचा हा पणजोबा. डबा एकट्याचा होता, पण शिक्षण दोघांचं होतं.

सरळसुद्धा न जाणारी गाडी

आता गाड्यांकडे येऊ. १९८२ मध्ये जपानच्या नामको कंपनीने 'पोल पोझिशन' आणला. नाणं टाका आणि जपानच्या फुजी सर्किटवर गाडी पळवा. मजा होती, पण त्यातून गाडी चालवायला शिकणं कठीणच. अमेरिकेतल्या पपायरस या छोट्या कंपनीने १९८९ मध्ये 'इंडियानापोलिस ५००' काढला. नावातच त्यांनी 'सिम्युलेशन' हा शब्द घातला होता. यातली गाडी गणितावर चालायची. टायरला पकड किती, वजन कुठे झुकलं, याचा हिशेब मागे सुरू असायचा.

त्याच कंपनीने १९९८ मध्ये 'ग्रां प्री लेजंड्स' आणला. विषय होता १९६७ चा फॉर्म्युला वन हंगाम. त्या काळच्या गाड्यांना जमिनीवर दाबून धरणारे पंख नव्हते, टायर अरुंद होते आणि इंजिनाची ताकद चारशे अश्वशक्तीच्या आसपास. नवखा माणूस गेम लावायचा, अॅक्सिलरेटर दाबायचा आणि पहिल्या वळणापर्यंत पोचायच्या आधीच गोल गोल फिरायचा. विक्रीच्या दृष्टीने गेम पडला.

पण ज्यांनी तो सोडला नाही, त्यांनी एक वेगळीच गोष्ट उभी केली. एकाने आपल्या लॅपची फाइल दुसऱ्याला पाठवायची. दुसऱ्याने ती उघडून आपल्या लॅपशेजारी ठेवायची. कुणीतरी दोन लॅपचे आलेख एकावर एक दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. कुणी गाडीची जुळवणी कशी करायची, हे नवख्यांना पायरीपायरीने लिहून दिलं. कुणी गेममध्ये नसलेली जुनी सर्किटं बनवून फुकट वाटली. सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, आणि तरी आपला वेग लपवून ठेवायचा नाही असा अलिखित नियम.

हे का चाललं? कारण आपला लॅप आपल्याला आतून बरोबरच वाटतो. ब्रेक वेळेवर मारला असं आपल्याला ठाम वाटतं. दुसऱ्याची रेघ शेजारी ठेवली की कळतं, तो आपल्यापेक्षा लवकर ब्रेक मारतो आणि तरीही पुढे जातो! वळणात हळू शिरणारा वळणातून लवकर वेग घेतो, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर तोच वेग त्याच्या कामी येतो. काका म्हणाले ते हेच, फक्त मालवणीत.

आपटलात तर खात्यावर लागेल

पपायरसचे एक संस्थापक डेव्हिड केमर यांनी पुढे जॉन हेन्री यांच्यासोबत नवी कंपनी काढली आणि २००८ मध्ये 'आयरेसिंग' सुरू झालं. खरी सर्किटं लेझरने मोजून तयार केलेले ट्रॅक होतेच, पण माझ्या मते खरी कल्पकता तिथल्या लायसन्समध्ये होती.

तिथे येणारा प्रत्येक जण 'रूकी' म्हणून सुरुवात करतो. मग डी, सी, बी, ए अशा पायऱ्या. वर जायला जिंकणं पुरत नाही. रस्त्याबाहेर चाक गेलं, गाडी फिरली, कुणाला धडक दिली, की गुण लागतात. तुम्ही किती वळणं घेतलीत आणि त्यात किती चुका केल्या, यावर तुमचा सुरक्षेचा आकडा ठरतो. चूक कुणाची हे बघितलंच जात नाही. समोरच्याने धडक दिली तरी दोघांच्याही खात्यावर लागतं. पोरं चिडतात, पण हळूहळू समोरचा काय करेल याचा अंदाज घ्यायला शिकतात. आपल्याकडे घाटात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. समोरून येणारा चुकीच्या बाजूने आला, तर बरोबर कोण होतं हा वाद दरीत बसून घालण्यात अर्थ नसतो.

नव्वद हजारांतला एक

मग तो मोठा प्रश्न. पडद्यावरचा ड्रायव्हर खऱ्या गाडीत टिकेल का?

२००८ मध्ये निस्सान आणि सोनी प्लेस्टेशन यांनी 'जी.टी. अकादमी' ही स्पर्धा सुरू केली. 'ग्रान टुरिस्मो' गेममधले सर्वांत वेगवान खेळाडू निवडायचे आणि त्यांना खऱ्या रेसिंगचं प्रशिक्षण द्यायचं. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनेझ. २०११ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या वर्गात दुसरा आला. त्याच वर्षी ब्रिटनचा यान मार्डनबरो सुमारे नव्वद हजार स्पर्धकांमधून अकादमी जिंकला, आणि २०१३ मध्ये ल मान्सला त्याचा संघ वर्गात तिसरा आला. २०१४ मध्ये ही स्पर्धा भारतातल्या खेळाडूंसाठीही उघडली होती.

सिनेमा बघितला असेल तुम्ही, २०२३ चा. पण सिनेमात एक फेरफार आहे. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर मार्डनबरोची गाडी एका चढावर हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक मरण पावला. सिनेमाने तो अपघात ल मान्सच्या आधी आणून ठेवला, नायकाच्या पुनरागमनाची पायरी म्हणून. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. खेळात 'रिस्टार्ट'चं बटण असतं, खऱ्या रस्त्यावर नसतं.

म्हणून दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. पडद्यावर डोळे, कान आणि हात शिकतात. कुठे बघायचं, ब्रेक कधी सोडायचा, मागचं चाक सुटतंय हे स्टीअरिंगमधून कसं ओळखायचं, हे सगळं शिकता येतं. पण शरीराला बसणारा हिसका आणि पोटातली भीती शिकता येत नाही. अकादमीच्या मुलांनाही गेमनंतर थेट शर्यतीत सोडलं नव्हतं. मध्ये प्रशिक्षक होते, छोट्या शर्यती होत्या, परवान्याच्या पायऱ्या होत्या.

उलट्या बाजूचा दाखलाही बघा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये फॉर्म्युला वनचे खरे ड्रायव्हर घरी अडकले आणि पडद्यावरच्या शर्यतींत उतरले. जगातले सर्वोत्तम चालक, पण गेममध्ये लगेच जिंकत होते असं नाही. शार्ल लक्लेर, जॉर्ज रसेल, अॅलेक्स अल्बन ही पोरं तासन्‌तास एकत्र, लोकांसमोर लाइव्ह सराव करत बसली. लक्लेरने पहिल्याच शर्यतीत बाजी मारली आणि शेवटच्या चार रसेलने जिंकल्या. त्यांनाही सराव चुकला नाही, आणि तो त्यांनी एकट्याने केला नाही.

आपल्याच गावातली गोष्ट

हे सगळं परदेशातलं वाटत असेल, तर मोती तलावाकाठी या. राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेचा संच १२० पत्त्यांचा, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. गंजिफा हाही खेळच. एकेकाळी घरोघरी खेळला जाणारा, नंतर छापील पत्त्यांनी मागे टाकलेला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीत ही कला जाणणारे जवळपास संपले होते. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी त्यांच्याकडे शिकायला बसले. विचार करा, राजघराण्यातली माणसं चिताऱ्यासमोर शिष्य म्हणून! मग राजवाड्यात काम सुरू झालं, इतर कलाकार शिकले, आणि २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळालं.

समजा, तेव्हा चिताऱ्यांकडे कुणी गेलंच नसतं. जुने पत्ते संग्रहालयात राहिले असते. त्यांच्याकडे बघून कुणी हजार वेळा सरावही केला असता. पण ब्रश कसा धरायचा, रंग किती घट्ट ठेवायचा, हे पत्ता सांगत नाही. माणूस सांगतो. ज्याला येतं त्याने सांगायचं आणि ज्याला येत नाही त्याने जाऊन बसायचं, यातलं एक जरी तुटलं तर विद्या तिथेच संपते.

मग आपण काय करायचं?

तुमच्यातल्या बहुतेकांकडे महागडं स्टीअरिंग नाही, फोन आहे. हरकत नाही. फोनवर ब्रेक हळू दाबण्याचं कसब येणार नाही, पण नजर तयार होते. एकच गाडी, एकच ट्रॅक घ्या. दहा लॅप मारा आणि थांबा. गेममध्ये 'घोस्ट', म्हणजे दुसऱ्याच्या लॅपची सावली दाखवायची सोय असेल, तर ती लावा. तुमच्यापेक्षा थोडाच पुढे असलेल्याची घ्या. जगज्जेत्याची सावली पहिल्याच वळणावर दिसेनाशी होते, तिच्याकडून काय शिकणार? एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि विचारताना "मी स्लो का?" असं मोघम विचारू नका. "तिसऱ्या वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, हा बघा व्हिडिओ," असं विचारा. नेमक्या प्रश्नाला लोक नेमकं उत्तर देतात.

शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. गेममध्ये आंबोलीसारखी शंभर वळणं पार केलीत म्हणून पावसाळ्यातल्या धुक्यात, लायसन्स नसताना, मित्राची बाईक घेऊन घाट चढायचा नाही. लिंकचा डबा त्यासाठी नव्हता. तो माणसं मरू नयेत म्हणून होता.

काकांना मी हा भाग ऐकवला. म्हणाले, "बरा सांगलंस. पण माझा नाव घेतलंय नाय ना?" नाही घेतलं, काका.

तुम्हाला कुणी एका वाक्यात काही शिकवलं असेल, मग ती गाडी असो, पोहणं असो की घावणे घालणं, तर ते मला पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही वाचू. तोपर्यंत, येवा, कोकण आपलाच आसा. फक्त घाटात हळू!