कमी उंचीवरील उड्डाण, मुंबई शहरातील

लहान विमान किंवा हेलिकॉप्टर वस्ती, पाणी अथवा डोंगरमाथा यांच्या लगत चालवणे. उड्डाण आणि अवतरण या दोन टप्प्यांत प्रत्येक विमान जमिनीजवळ असतेच. त्याशिवाय चाचणी, प्रशिक्षण, पर्यटन, पाहणी व पुष्पवृष्टी यांसाठीही अशी उड्डाणे होतात. कधी ढगांनी खाली रेटल्यामुळेही वैमानिकाला खालून उडावे लागते. मुंबईच्या संदर्भात या विषयाला वेगळे वजन आहे. येथे धोक्याचा मोठा वाटा विमानात कधी पाऊलही न ठेवलेल्या माणसांवर येतो.

धोक्याचे स्वरूप

सेसना 172 सारख्या एकइंजिनी विमानाचे इंजिन बंद पडले, तर ते साधारण 9 मीटर पुढे सरकताना 1 मीटर खाली येते. वारा नसेल तर 300 मीटरवरून त्याला पावणेतीन किलोमीटरपर्यंतचा पल्ला मिळतो. 150 मीटरवरून तो 1.35 किलोमीटरच्या आसपास उरतो आणि हाती सुमारे 40 सेकंद असतात. तेवढ्यात इंजिन पुन्हा चालू करून पाहायचे, संदेश द्यायचा आणि उतरायला जागा शोधायची. लालबाग-परळवर अशी जागा कोणती? दादरचे शिवाजी पार्क आणि महालक्ष्मीचे रेसकोर्स ही मोठी मैदाने खरी, पण शिवाजी पार्कवर संध्याकाळी क्रिकेटचे डाव एकमेकांना खेटून चाललेले असतात.

दुसरा धोका स्टॉलचा. हवेच्या प्रवाहाशी पंखांचा कोन एका मर्यादेबाहेर गेला की उचल ढासळते आणि विमान कोसळू लागते. सावरण्यासाठी नाक खाली करून वेग मिळवावा लागतो, त्यासाठी उंची खर्ची घालावी लागते. वळणात हा धोका वाढतो. उंची कायम ठेवून 45 अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांत 41 टक्क्यांनी. खाली काही पाहण्यासाठी किंवा चिंचोळ्या जागेतून मागे फिरण्यासाठी घेतलेले तीव्र वळण म्हणूनच घातक ठरते. न्यूयॉर्कमध्ये 11 ऑक्टोबर 2006 रोजी बेसबॉलपटू कोरी लायडल यांचे सिरस विमान ईस्ट नदीवर असेच मागे वळताना निवासी इमारतीवर आदळले. लायडल आणि प्रशिक्षक दोघेही ठार झाले.

दिल्लीत 23 जून 1980 रोजी संजय गांधी यांचा मृत्यू झाला, तोही पिट्स या छोट्या विमानातून कमी उंचीवर कसरती करताना.

घाटकोपर, 28 जून 2018

मुंबईतील भरपूर कागदोपत्री तपशील उपलब्ध असलेली घटना. बीचक्राफ्ट किंग एअर सी-90 हे व्हीटी-यूपीझेड क्रमांकाचे दोन इंजिनांचे विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचे होते. अपघातात नुकसान झाल्यावर ते विकले गेले आणि दीर्घकाळ जमिनीवरच होते. दुरुस्तीनंतर त्याची चाचणी घेण्यासाठी दोन वैमानिक व दोन तंत्रज्ञ जुहू विमानतळावरून निघाले. हवा पावसाळी होती. जुहूकडे परतताना दुपारी एकच्या सुमारास विमान घाटकोपर पश्चिमेला जागृतीनगर परिसरात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात कोसळले व पेटले. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक माणूस असे पाच जण मृत्युमुखी पडले. कामगार जेवणाच्या सुट्टीवर होते, म्हणून मृतांचा आकडा तेवढ्यावर थांबला.

तपास अहवालाने मुख्य कारण नोंदवले ते कमी उंचीवर विमान स्टॉल होणे आणि सावरण्यापुरती उंची नसणे. खराब हवेचा उल्लेखही अहवालात आहे. अशा हवेत चाचणी उड्डाणाचा निर्णय कोणी घेतला, यावर अपघातानंतर परस्परविरोधी विधाने झाली.

तांत्रिक कारणांच्या यादीत सहज निसटणारी गोष्ट म्हणजे पाचवा मृत. चाचणी उड्डाणाचा धोका चौघांनी व्यवसायाचा भाग म्हणून पत्करला होता. पाचव्याला कोणी विचारलेही नव्हते. दाट वस्तीवरून होणाऱ्या प्रत्येक चाचणी उड्डाणाचे मोजमाप या पाचव्या माणसापासून सुरू व्हायला हवे.

गिरणगावावरील आकाश

नियमानुसार शहर, वस्ती किंवा उघड्यावरील जनसमुदाय यांच्यावरून दृश्य उड्डाण (बाहेर नजरेने पाहत केलेले) करताना, विमानापासून 600 मीटर त्रिज्येतील सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान 300 मीटर राहावे लागते. इतरत्र ही मर्यादा जमिनीपासून किंवा पाण्यापासून 150 मीटर आहे. उड्डाण-अवतरण आणि खास परवानगी हे अपवाद.

गिरण्यांच्या काळात गिरणगावाच्या, म्हणजे परळ-लालबागच्या, आकाशात सर्वांत उंच असत त्या चिमण्या. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर आले. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या वर्ल्ड वनची उंची 280 मीटर आहे. महालक्ष्मीच्या मिनर्व्हाने 300 मीटरची रेषा गाठली. वर्ल्ड वनपाशी नियम पाळायचा तर विमान जमिनीपासून किमान 580 मीटर, म्हणजे सुमारे 1,900 फूट उंच हवे. पावसाळ्यात मुंबईवरचे ढग अनेकदा हजार-दीड हजार फुटांवर उतरलेले असतात. टॉवरगणिक जमीन वर चढते, ढगांचे छत खाली येते आणि दृश्य नियमांनी उडणाऱ्याला मधून वाटच उरत नाही. अशा दिवशी समुद्रावरून जाणे किंवा न उडणे, एवढेच पर्याय राहतात. बांधकामावरच्या क्रेन इमारतीच्याही वर जातात आणि त्यांची उंची व जागा बदलत राहते. त्यांची खबर वैमानिकापर्यंत वेळेवर पोहोचणे म्हणूनच महत्त्वाचे.

गणेशविसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटी आणि लालबागचा मार्ग हे वरील नियमातील ‘जनसमुदायाचे’ ठळक उदाहरण होय.

जुहू

1928 मध्ये सुरू झालेला, देशातील पहिला नागरी विमानतळ. जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने येथेच उतरले. आज येथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. सांताक्रूझचा मोठा विमानतळ लगतच असल्याने जुहूच्या वाहतुकीला खालूनच ये-जा करावी लागते. 11 डिसेंबर 2016 रोजी पर्यटकांना घेऊन निघालेले रॉबिन्सन आर-44 हेलिकॉप्टर गोरेगावच्या आरे वसाहतीत कोसळून जीवितहानी झाली.



तारा आणि डोंगर

पातळ तार वरून जवळजवळ दिसत नाही. खांब दिसले तरच तिचा अंदाज येतो. 25 मे 2017 रोजी निलंगा (जि. लातूर) येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांमध्ये अडकून कोसळले. सर्व जण बचावले. त्याआधी महिनाभर, 26 एप्रिलला, गोंदियाजवळच्या बिरसी येथून निघालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेवरील दोरमार्गाच्या तारेला धडकून प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी ठार झाले होते.

मुंबई-पुणे मार्गावर सह्याद्री आणि धुके एकत्र येतात. 4 ऑगस्ट 1979 रोजी पुण्याहून येणारे इंडियन एअरलाइन्सचे एचएस-748 पनवेलजवळच्या डोंगरावर आदळून 45 जण मरण पावले. 2 ऑक्टोबर 2024 रोजी पुण्यातील बावधनहून जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर धुक्यात कोसळून तिघांचा मृत्यू झाला.

प्रदर्शने व पुष्पवृष्टी

3 मे 2020 रोजी कोविडयोद्ध्यांच्या सन्मानार्थ सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांनी परळच्या केईएमसह मुंबईतील रुग्णालयांवर फुले उधळली. जानेवारी 2024 मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती झाल्या. समुद्रावर कसरती ठेवल्याने खाली वस्ती येत नाही. याउलट हैदराबादेत 3 मार्च 2010 रोजी नौदलाच्या सागर पवन पथकाचे किरण विमान कसरतीदरम्यान बोवेनपल्लीतील इमारतीवर पडून दोन्ही वैमानिक गेले.

पक्षी

पक्ष्यांशी धडका बहुतांशी कमी उंचीवरच होतात. मुंबईत हा धोका घारी आणि कबुतरांचा.