चुण्यांआडचे श्रम

लहान मुलींच्या फ्रॉकवरील स्मॉकिंग आपल्याला निरागसतेची खूण वाटते. त्याचा उगम मात्र इंग्लंडमधील शेतमजुरांच्या जाड, घोळदार सदऱ्यात आहे. कापडाला बारीक चुण्या घालून त्यांवर टाके घेतले की इलॅस्टिकविनाही ते छातीशी, मनगटाशी ताणले जाई आणि हात मोकळे राहत. थॉमस हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'मध्ये (१८७४) गॅब्रिएल ओक काम शोधताना असाच सदरा चढवतो. पुढे तो सदरा शेतातून मागे पडला. केट ग्रीनवेने मात्र आपल्या चित्रांतील मुलांना तो घातला आणि १८८० च्या दशकात ही नक्षी शहरी मुलांच्या पोशाखांवर स्थिरावली. मजुराची सोय अशी सुखवस्तू बालपणाचा अलंकार झाली. ग्रामजीवनाचे साहित्य वाचतानाही आपण विचारावयास हवे: नक्षी जपताना कोणाचे श्रम वगळले गेले?