दर्याचे चित्र आणि दफ्तराची दृष्टी

सायखेडा गावाच्या समोर, गोदावरीच्या पैलतीरावर चांदोरी हे गाव आहे. आणि पेशव्यांच्या वतीने दिल्ली दरबारी वकिली करणाऱ्या हिंगणे घराण्याचे नाव तिच्याशी जडलेले असल्यामुळे, इकडच्या जाणत्या मनुष्यास जुना कागद कसा वाचावा हे निराळे शिकवावे लागत नाही. लिहिणारा कोण, मजकूर कोणाच्या हुजुरात जावयाचा, आणि लिहावयाचे काय टाळले आहे, या तीन प्रश्नांवाचून दफ्तर बोलत नाही. समुद्राच्या जलरंगी चित्रासही हेच प्रश्न विचारले पाहिजेत.

स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स १७९१ साली मुंबईस आला. पुढे पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवरावांचे चित्र काढले.  १७९५ साली वेल्स वारला, आणि मुंबई बेट व परिसराची त्याची बारा दृश्ये १८०० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली : तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेषा छापून त्यांवर हाताने जलरंग भरलेली.

जलरंग पारदर्शक, त्यात पांढरा लावावयाचा नसतो, राखावयाचा असतो. फळी किंचित कलती धरून, भरल्या कुंचल्याने रंगाचा पातळ ओघ वरून खाली उतरवावा, शिडापुरता कागद कोरा सोडावा, की शीड उन्हात उजळून निघते. आणि क्षितिजाकडे रंग विरळ करीत नेला, की कोसांचे अंतर वीतभर कागदात सामावते. म्हणजे या कलेत जे वगळले, त्यातूनच प्रकाश उत्पन्न होतो.

परंतु वगळण्यास सामाजिक अर्थही असतो. वेल्सच्या काही दृश्यांची स्थाने मलबार टेकडी, शीवचा किल्ला अशी उंचावरची आहेत. तेथून तारवे दिसतात, खलाशांचे हाल दिसत नाहीत. भरतीचे पाणी जेथून बेटात शिरे, त्या वरळीच्या खिंडाराचे दृश्यही या बारांत आहे. पण ते बांध घालून पाणी थोपवल्यानंतरचे. असा दर्या भयाचा विषय राहत नाही, दौलतीचा होतो. आणि तो विलायतेतील ज्या गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात जावयाचा, त्यास तसाच हवा होता.

गोदेचा पूर बाजारपेठेत शिरताना पाहिलेल्या सायखेडेकरास हा संथपणा अपुरा वाटेल, आणि ते रास्तच आहे. वेल्सचे कसब निःसंशय उच्च प्रतीचे. त्याची साक्ष मात्र एकतर्फी समजूनच दाखल करून घ्यावी.