बाबांची वही आणि तिसरा रकाना: मॅक्रो शिकवणाऱ्यांची गोष्ट

आजचा विषय आहे स्प्रेडशीटमधले मॅक्रो. थांबा, लगेच बंद करू नका! मी कोड शिकवायला बसलेली नाही. ज्यांनी प्रोग्रॅमिंगचा श्रीगणेशाही केला नव्हता, अशा हिशेबनिसांनी, कारकुनांनी, स्टोअरकीपरनी स्प्रेडशीटमध्ये प्रोग्रॅम लिहिले. त्यांना शिकवलं कोणी? अडल्यावर ते गेले कुणाकडे? आज तेवढंच बघायचंय.

हा प्रश्न मला पडला तो माझ्याच एका चुकीमुळे. बी.टेक. होऊन नोकरीला दोन महिने झाले होते. दर महिन्याची एक एक्सेल फाइल नीट लावायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत मॅक्रो रेकॉर्ड केला, चालवला, आणि तो भलत्याच शीटवर चालला. दोन रकाने साफ! कंट्रोल-झेड दाबलं, तर काहीच होईना. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की एक्सेलची अनडूची यादी पुसली जाते, हे ज्ञान मला त्या क्षणी मिळालं. एका सहकाऱ्याकडे आदल्या दिवशीची प्रत होती, म्हणून वाचले.

रात्री घरी फोन केला. बाबा साताऱ्याला एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. सगळं ऐकून हसले आणि म्हणाले, "अगं, माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय ते. आधी सेव्ह, मग मॅक्रो."

आता ही वही कुठून आली, त्यासाठी जरा मागे जाऊ.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क ॲपल-२ वर आलं. त्यात सूत्रं होती, मॅक्रो नव्हते. मॅक्रो घराघरांत, म्हणजे ऑफिसाऑफिसांत, पोचवले ते लोटस १-२-३ ने. मिच केपॉर आणि जोनाथन सॅक्स यांचं हे सॉफ्टवेअर जानेवारी १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी बाजारात आलं. त्यातल्या मॅक्रोची कल्पना अगदी साधी होती: तुम्ही जी बटणं दाबता, तीच एका सेलमध्ये लिहून ठेवायची.

उदाहरण देते. रकान्याची रुंदी बदलायला लोटसमध्ये आधी स्लॅश दाबायचा, मग वर्कशीटचा डब्ल्यू, कॉलमचा सी, सेटचा एस, मग आकडा आणि एंटर. मॅक्रो लिहिताना हीच अक्षरं सेलमध्ये ओळीने लिहायची, फक्त एंटरच्या जागी टिल्डचं चिन्ह. सुरुवातीला एक ॲपॉस्ट्रॉफी द्यायचा, नाहीतर स्लॅश टाइप करताक्षणीच मेनू उघडायचा. मग त्या सेलला बॅकस्लॅश आणि एक अक्षर असं नाव द्यायचं. बॅकस्लॅश-ए नाव दिलं, की ऑल्ट आणि ए एकत्र दाबल्यावर मॅक्रो सुरू. तो एकेक सेल वाचत खाली जाणार आणि रिकामा सेल आला की थांबणार.

म्हणजे प्रोग्रॅम त्याच शीटमध्ये, आकड्यांच्या शेजारी, उघड्यावर! दुसऱ्याची फ्लॉपी मिळाली की त्याचा मॅक्रो वाचता यायचा, उतरवून घेता यायचा. माझ्या मते लोटसची सगळ्यात मोठी शाळा हीच होती. मदतीला एफ-१ दाबल्यावर येणारा मजकूर होता, मॅन्युअल होतं, आणि क्यू प्रकाशनाचं 'यूझिंग १-२-३' हे गाजलेलं पुस्तक होतं. १९८९ च्या २.२ आवृत्तीत 'लर्न' नावाची सोय आली. तुम्ही बटणं दाबायची आणि लोटस ती टिपून घेणार.

आपल्याकडे हे सगळं पोचलं ते कॉम्प्युटर क्लासमधून. वर्डस्टार, लोटस, डीबेस हे त्या काळातलं त्रिकूट बऱ्याच श्रोत्यांना आठवत असेल. बाबांनी १९९२ साली एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरच्या मजल्यावर हा क्लास लावला. एका मशीनवर तिघं. इंग्रजी पुस्तक सरांकडे एकच, म्हणून ज्याने त्याने वहीत उतरवून घ्यायचं. सरांनी वहीच्या पानावर तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात मॅक्रोचं नाव, दुसऱ्यात मॅक्रो, तिसऱ्यात तो काय करतो याची टीप. ही काही सरांची युक्ती नव्हती, लोटसच्या शीटमध्येही मॅक्रो असेच मांडायची पद्धत होती.

इकडे बाबा वही भरत होते, तेव्हा तिकडे मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलच्या पुढच्या भाषेवर काम चाललं होतं. एक्सेलमध्येही तोवर मॅक्रो सेलमध्येच लिहायचे, पण वेगळ्या मॅक्रो-शीटवर. जोएल स्पॉल्स्की नावाचा तरुण नव्या भाषेचा आराखडा करत होता. १९९२ मध्ये बिल गेट्सनी त्या आराखड्याचा आढावा घेतला आणि तारखांवर बोट ठेवलं. पुढे स्पॉल्स्कीनेच हे सविस्तर लिहिलंय.

तारखांचं प्रकरण भारी आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटसने ते लीप धरलं होतं. लोटसच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जशीच्या तशी ठेवली. म्हणून आजही एक्सेलच्या सेलमध्ये ६० लिहून तारखेचं रूप दिलंत, तर २९ फेब्रुवारी १९०० दिसेल, जो दिवस कधी उगवलाच नाही! व्हीबीएमध्ये मात्र ६० म्हणजे २८ फेब्रुवारी. दोघांचं मोजणं जुळतं ते १ मार्च १९०० पासून. लोटसमधली ती चूक आज माझ्या लॅपटॉपवर नांदतेय.

१९९३ साली एक्सेल ५ आलं आणि त्याबरोबर व्हीबीए. ताकद खूप वाढली. पण एक्सेल ९७ पासून कोड ऑल्ट-एफ-११ च्या मागे, वेगळ्या खिडकीत गेला. शीट बघून शेजारच्याचा मॅक्रो शिकायचे दिवस संपले. मग शिकवणार कोण?

एक म्हणजे मॅक्रो रेकॉर्डर. तो मास्तर चांगला, पण घोकंपट्टीवाला. तुम्ही जिथे जिथे क्लिक केलं ते सगळं लिहितो, पण का केलं ते त्याला कळत नाही. 'जे शीट समोर आहे' त्यावर काम करतो, म्हणूनच माझे रकाने उडाले. दुसरे म्हणजे माणसं. जॉन वॉकनबाखची जाडजूड पुस्तकं. चिप पिअर्सनची वेबसाइट, जिथे तारखांपासून ॲरेपर्यंत प्रत्येक गोष्ट शांतपणे समजावलेली. यूझनेटवरचे एक्सेलचे न्यूजग्रुप, जिथे लोक फुकट, रात्र रात्र जागून अनोळखी माणसांना उत्तरं द्यायचे. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले न्यूजग्रुप बंद करायला घेतले. पण त्याआधीच, २००८ मध्ये, जेफ ॲटवुडबरोबर एका माणसाने स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं होतं. तो माणूस कोण? तोच, जोएल स्पॉल्स्की! मॅक्रोच्या भाषेचा आराखडा केला त्यानेच, आणि अडलेल्यांसाठी पुढे चावडीही बांधली त्यानेच.

आज मी एआयला विचारते आणि काही सेकंदांत कोड हातात येतो. मग त्या जुन्या वहीची गरज काय?

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा ती वही मागून घेतली. पानं पिवळी पडलीत. व्याजाच्या मॅक्रोचं पान उघडलं. एका ओळीसमोर, तिसऱ्या रकान्यात, बाबांनी लाल शाईने लिहिलंय: "ही ओळ काढू नये. काढल्यास ३१ मार्चला व्याज दोनदा लागते."

बाबांना विचारलं, तर आधी उडवाउडवी केली. मग म्हणाले, "एकदा काढली होती मी. छापायच्या आधी लक्षात आलं. लोकांच्या ठेवी होत्या गं त्या. दोन रात्री झोपलो नव्हतो."

मला माझे उडालेले रकाने आठवले. ती ओळ मी एआयकडून लिहून घेऊ शकले असते, कदाचित जास्त चांगली. पण ती का आहे, हे फक्त त्या दोन रात्री जागलेल्या माणसाला माहीत होतं. त्याने ते लिहून ठेवलं नसतं, तर पुढच्या माणसाने ती ओळ फालतू समजून पुसली असती.

तेव्हापासून मीही माझ्या प्रत्येक मॅक्रोवर, एआयने लिहिलेल्यावरसुद्धा, मराठीत एक ओळ लिहिते: हे का केलंय. टीममधले हसतात. हसू देत. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही, एवढंच मी त्या वहीतून शिकले.

तुमच्या घरी अशी एखादी वही असेल, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, आधी सेव्ह, मग मॅक्रो!