बंगळूरच्या पाताळाचा शोध

१६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळीही या गावाला मोठी नदी नव्हती. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील खडकाळ पठारावर वसलेले हे गाव जगत होते ते तलावांवर आणि विहिरींवर. धर्मांबुधी व केंपांबुधी हे तलाव सोळाव्या शतकातील केंपेगौडाच्या नावाशी जोडलेले आहेत.

पुढे वस्ती वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याहून, १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीहून आणि १९७४ साली कावेरीहून नळाचे पाणी आले. तेही पुरेना, तेव्हा माणसाची दृष्टी भूगर्भाकडे वळली.

येथील खडक नीस जातीचा, अतिप्राचीन आणि अंगचा कोरडा. पाणी राहते ते वरच्या मुरुमात आणि खालच्या भेगांत. ती जागा पूर्वी पाणाड्या दाखवीत असे. १९१२ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात कॉनराड श्लुंबर्जे यांनी हा भूगर्भ विजेच्या साहाय्याने तपासून पाहिला. १९१५ मध्ये अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी समान अंतरावर चार सळ्या रोवण्याची पद्धत मांडली. बाहेरच्या दोन सळ्यांतून प्रवाह जमिनीत सोडावयाचा आणि आतल्या दोहोंमधील विद्युत्‌दाब मोजावयाचा. सळ्यांतील अंतर वाढवीत गेले की प्रवाह अधिकाधिक खोल उतरतो. अभंग नीस वीज अडवितो. त्याची रोधकता हजारो ओहम-मीटर भरते. क्षार विरघळलेले पाणी ती वाहून नेते, म्हणून ओल्या मुरुमात हा आकडा शेकड्यांवर, कधी दहांवरही येतो.

परंतु यंत्र पाणी पाहत नाही, केवळ रोध मोजते. चिकणमातीही सहज वीज वाहू देते, मात्र विहिरीला पाणी देत नाही. खोलवरची बोटभर भेग तर पृष्ठभागावरील मोजणीत उमटतच नाही. म्हणून जाणता शोधक आपला आकडा शेजारच्या विहिरीत दिसणाऱ्या थरांशी ताडून पाहतो, आणि तरीही त्याचा अंदाज कधी चुकतो.

अंदाज बरोबर आला, तरी ते पाणी किती काळ टिकेल, हे एका मोजणीवरून कळत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरातील हजारो कूपनलिका आटल्या. भेगांतून उपसलेले पाणी पावसाने मुरून परत यावे लागते, आणि ते मुरविण्याचे काम तलाव करीत असत. त्यांपैकी धर्मांबुधीच्या जागी आज शहराचे मुख्य बसस्थानक उभे आहे.