तीन भाषणे आणि एक खटला

गणेशोत्सवाच्या मंचावर लोकमान्यांची तसबीर असते, त्यांच्या नावाने वक्तृत्व स्पर्धाही होतात. पण लोकमान्य स्वतः बोलत कसे? १९१६ सालच्या एका खटल्यातून त्याचे उत्तर मिळते.

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. १ मे रोजी टिळक तिथे बोलले, पुढे ३१ मे आणि १ जूनला अहमदनगरला. भाषणे मराठीत होती आणि सरकारी लघुलेखक ती टिपून घेत होते. २३ जुलैला त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात सत्कार झाला, लाख रुपयांची थैली अर्पण झाली आणि त्याच दिवशी हाती सरकारी नोटीसही पडली. पुढे मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला : वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन.

टिळक बोलले होते काय? सरकार दोन प्रकारचे असते, एक अदृश्य आणि एक दृश्य. निर्गुण परब्रह्म मायेमुळे सगुण होते, तसे हे. बादशहाला आमचा विरोध नाही, मधल्या नोकरशाहीचा कारभार आमच्या हाती द्या. कीर्तने ऐकत वाढलेल्या श्रोत्याला याहून अधिक समजावण्याची गरज नव्हती. शाळा न पाहिलेल्या माणसालाही स्वराज्याची मागणी कळली.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. टिळकांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी हुकूम रद्द केला. सुटे वाक्य धरून चालणार नाही, भाषण समग्र वाचले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. टिळक स्वतः कायदा शिकलेले. श्रोत्याच्या मनाला भिडेल आणि न्यायालयातही टिकेल, असे ते बोलले होते.

आम्हा सरकारी नोकरांना कागदावर शब्द जपून वापरायची सवय असते. पण हजारोंसमोर, हाती मसुदा नसताना शब्द जपणे ही वेगळीच तपश्चर्या.

भोपाळात आपल्या मुलांची मराठी आता बरीचशी घरापुरती उरली आहे. स्पर्धेत ती आईबाबांनी लिहून दिलेले भाषण घोकून म्हणतात आणि एक ओळ विसरली की रडकुंडीला येतात. यंदा त्यांना विषय द्यावा, माहिती द्यावी, पण वाक्ये त्यांचीच असू द्यावीत. मध्येच एखादा हिंदी शब्द आला तरी चालेल. स्वतःच्या मनातले मराठीत उभे राहून सांगता आले, तर त्या तसबिरीला घातलेला हार सार्थकी लागला म्हणायचा.